जादा युरिया जातो कुठे?

शनिशिंगणापूरच्या शिवारात खताचा डोस ठरतो तो बहुतेकदा शेजारच्या वाफ्याकडे बघून. बांधापलीकडचा कांदा हिरवागार दिसला की आपला पिवळट वाटायला लागतो, आणि संध्याकाळपर्यंत युरियाची गोणी फुटते. ४५ किलोला २६६ रुपये ५० पैसे! एवढ्या स्वस्तात दुसरी कुठलीच हिरवाई मिळत नाही. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीला १,३५० रुपये मोजावे लागतात. केंद्र सरकारने २०१० मध्ये स्फुरद-पालाशाच्या खतांसाठी अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आणलं आणि युरियाला त्याबाहेर ठेवलं, तेव्हापासून ही दरी रुंदावत गेली. हात युरियाकडे वळतो त्यात शेतकऱ्याचा दोष थोडा, दराचा जास्त. पण पिकाने न उचललेलं नत्र जागच्या जागी थांबत नाही. ते कुठेतरी जातं, आणि त्यातला काही हिस्सा आपल्या विहिरीत आणि आपल्या ताटात येतो. कांद्यापासून सुरुवात करून तिथपर्यंत जाऊ.

आपला नेवासा तालुका मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचा. सोनईला साखर कारखाना, घोडेगावला कांद्याचा बाजार, त्यामुळे रानात ऊस आणि कांदा ही दोन पिकं ठाण मांडून. दोन्ही खादाड. जमीन काळी, बऱ्याच ठिकाणी चुनखडीची, सामू आठच्या आसपास किंवा वर. अशा जमिनीवर युरिया नुसता फेकून दिला तर त्यातलं बरंचसं नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं, आणि वरून भरमसाट पाणी सोडलं तर उरलेलं नायट्रेटच्या रूपात मुळांच्या खाली निघून जातं. साधारणपणे युरियातल्या नत्राचा ३० ते ५० टक्केच हिस्सा पिकाला लागू पडतो. बाकीचे पैसे आपण हवेला आणि जमिनीखालच्या पाण्याला देतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही शिफारस राज्यात सर्वत्र चालते. एकरी झाले ४०, २० आणि २० किलो. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून ४० किलो नत्राला ८७ किलो युरिया लागतो, दोन गोण्यांना थोडा कमी. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद, म्हणून १२५ किलो, अडीच गोण्या. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश, म्हणून ३३ किलो. सुपर फॉस्फेट घेण्यात आणखी एक फायदा आहे. त्यात सुमारे ११ टक्के गंधक असतं, म्हणजे एकराला १३-१४ किलो गंधक वेगळा पैसा न टाकता मिळालं. कांद्याचा तिखटपणा गंधकाच्याच संयुगांतून येतो. डीएपीत हे गंधक नसतं.

समजा एखाद्याने एकराला बेसल म्हणून १०:२६:२६ च्या दोन गोण्या टाकल्या, लागवडीनंतर २४:२४:० ची एक आणि पुढे दोन वेळा मिळून युरियाच्या दोन. ऐकायला अगदी नेहमीचं वाटतं. बेरीज करून बघा : नत्र १० अधिक १२ अधिक ४१, म्हणजे ६३ किलो. स्फुरद ३८ किलो. गरज होती ४० आणि २० ची. दुकानात गोण्या मोजल्या तर हा जादा भार दिसत नाही, कारण प्रत्येक गोणीवर नाव वेगळं असतं. म्हणून गोण्यांऐवजी किलोने नत्र मोजायची सवय लावा. गोणीवरचे तीन आकडे म्हणजे शंभर किलोत नत्र, स्फुरद आणि पालाश किती ते. एवढं कळलं की दुकानदाराशी बोलणं बदलतं. युरियाबरोबर भलतीच बाटली गळ्यात मारायचा प्रयत्न झाला तर नको म्हणा, पॉस मशीनची पावती मागा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला कळवा. नॅनो युरियाच्या बाबतीतही हाच हिशोब करून पाहावा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत २० टक्के नत्र धरलं तरी ते सव्वाशे ग्रॅमच्या आत बसतं. युरियाच्या गोणीत ते २० किलो ७०० ग्रॅम असतं. फवारणीत पूरक म्हणून बाटली वापरा, पण तिच्या भरवशावर गोणी बंद करू नका.

वेळेचं महत्त्व मात्रेइतकंच. कांद्याला अर्धं नत्र लागवडीच्या वेळी, उरलेलं दोन हप्त्यांत ३० आणि ४५ दिवसांनी द्यावं. ६० दिवसांनंतर युरियाला हात लावू नये. उशिरा दिलेल्या नत्राने पात पोसते, मान जाड होते, कांदा नीट सुकत नाही आणि चाळीत कोंब फुटतात किंवा सड लागते. गावरान कांदा चाळीत टाकून भावाची वाट बघणाऱ्याला तर हे नुकसान थेट पट्टीत दिसतं. नुसत्या आरोग्याच्या गोष्टी सांगून युरिया कमी होत नाही हे मला माहीत आहे. चाळीत सडलेला कांदा मात्र कोणालाही पटतो.

उसाला बांधणीपर्यंत चार हप्ते : १० टक्के नत्र लागणीला, ४० टक्के सहा ते आठ आठवड्यांनी, १० टक्के बारा ते सोळा आठवड्यांनी आणि ४० टक्के मोठ्या बांधणीला. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी शिफारस आहे. खोडव्यालाही तेवढंच. खोडव्यात खत वरून फेकण्याऐवजी पहारीने द्या. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, १५ ते २० सेंटिमीटर खोल भोक, दोन भोकांत ३० सेंटिमीटर अंतर, त्यात खत टाकून वर माती. माणसं लागतात, कंबर दुखते, पण नत्र उडत नाही. कोणत्याही पिकाला युरिया वाफशावर द्या, मातीत मिसळा आणि नंतर हलकं पाणी. भरलेल्या वाफ्यात टाकलेला युरिया आणि पाटात तरंगत गेलेली गोणी, दोन्हींचा मुक्काम एकच.

तो मुक्काम म्हणजे विहीर. वरच्या उदाहरणातलं २३ किलो जादा नत्र नायट्रेटमध्ये मोजलं तर १०० किलोच्या आसपास होतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका एकरातलं हे जादा नत्र सगळंच्या सगळं पाण्यात उतरलं, तर २२ लाख लिटर स्वच्छ पाणी मर्यादेच्या काठावर आणायला ते पुरेसं आहे. सगळं उतरत नाही, काही हवेत जातं, काही मातीत अडकतं. पण शिवारात एकर कितीतरी आहेत आणि हंगाम दरवर्षी येतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघालं. महाराष्ट्रात ते प्रमाण एक तृतीयांशाच्या वर होतं.

सगळं पाप खतावर घालू नका. नायट्रेट शौचालयाच्या शोषखड्ड्यातून येतं, विहिरीला खेटून असलेल्या उकिरड्यातून येतं, गोठ्याच्या मुतारीतून येतं. शिंगणापुरात शनिवारी आणि अमावास्येला भाविकांची रीघ लागते. जिथे माणसं जास्त, तिथे मैलापाण्याचा प्रश्नही मोठा. म्हणून विहिरीत नायट्रेट निघालं तर आधी तिच्या आजूबाजूला काय आहे ते बघा. खड्डा आणि उकिरडा शक्य तितका दूर, उताराच्या खालच्या अंगाला हलवा.

नायट्रेटला चव नाही, वास नाही, रंग नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं दाट होतं. ब्लीचिंग पावडरने जात नाही, साध्या कँडल फिल्टरनेही जात नाही. आरओने बऱ्याच अंशी जातं. सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, तेही बाटलीचं दूध या पाण्यात कालवून दिलं तर. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही आणि ओठ-नखं निळसर पडतात. असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका फार कमी, म्हणून सहा महिने फक्त आईचं दूध हा सल्ला इथेही लागू पडतो. बाहेरचं दूध द्यावंच लागत असेल तर पाणी तपासलेलं वापरा.

तपासणी अवघड नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासून मिळतं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे प्राथमिक चाचणीचं किट असतं, त्यापासून सुरुवात करा. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरा, सावलीत ठेवा आणि २४ तासांत पोचवा. वर्षातून दोनदा : पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्याच्या शेवटी.

या तपासणीचा शेतीलाही उपयोग आहे आणि तो फारसा कोणी करत नाही. लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र. रब्बी कांद्याच्या एका एकराला हंगामभरात २० लाख लिटर पाणी दिलं असं धरा (५० सेंटिमीटर उंचीचं पाणी). त्यातून २० किलो नत्र रानात परत आलं, कांद्याच्या गरजेच्या निम्मं. सगळं पिकाला मिळेल असं नाही, पण अशी विहीर असणाऱ्याने शेवटचा हप्ता अर्ध्यावर आणायला हरकत नाही. मागच्या वर्षी विकत घेतलेलंच नत्र आहे ते, फुकटचं नव्हे.

आता माती. मृद आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानातल्या सूरतगडला सुरू झाली. त्यानंतर घरोघरी कार्डं आली आणि बरीचशी देवघराच्या फळीवर गेली. कित्येकांना त्या कार्डावर विश्वास नाही, कारण नमुना आपल्या रानातून कधी कोणी घेतला हेच आठवत नाही. मग स्वतः घ्या. पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी, एप्रिल-मे उत्तम. रानाचे रंग, उतार, खोली पाहून भाग पाडा. प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी व्ही आकाराचा २० ते २२ सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची पापुद्र्यासारखी माती घ्या. बांध, झाडाखालची जागा, उकिरड्याची जागा, पाटाकडची ओली जागा टाळा. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजकं खोरं आणि लोखंडी घमेलं नको, लाकडी खुरपणी आणि प्लास्टिकची बादली वापरा. सगळी माती एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवा, सावलीत सुकवा, कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या गोणीत नेलेली माती तपासायला देऊ नका, त्या अहवालावर भरवसा ठेवता येत नाही. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, दहिगाव-नेचं कृषी विज्ञान केंद्र आणि कृषी विभागाची जिल्ह्याची प्रयोगशाळा, यांपैकी जवळ पडेल तिथे चौकशी करा.

अहवालात बारा गोष्टी असतात. सगळ्या वाचत बसू नका, चार आधी बघा : सामू, सेंद्रिय कर्ब, पालाश आणि जस्त. काळ्या जमिनीत पालाश बहुधा भरपूर निघतो, तिथे पोटॅशवरचा खर्च कमी करता येतो. एखादं अन्नद्रव्य कमी असेल तर शिफारशीच्या सव्वापट, जास्त असेल तर पाऊणपट, असा ढोबळ नियम. सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर युरिया वाढवून फार काही हाती लागत नाही, कारण धरून ठेवणारंच कोणी नाही.

जस्ताचा आकडा ०.६ पीपीएमपेक्षा कमी निघाला तर मात्र थांबा, कारण इथून खताची गोष्ट थेट माणसाच्या शरीरात शिरते. चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत जस्त आणि लोह असूनही पिकाला मिळत नाही. त्यात डीएपीचा मारा झाला तर जादा स्फुरद जस्ताचं शोषण आणखी दाबून टाकतं. उत्पादन ठीक दिसेल, पण दाण्यातलं जस्त घटेल. देशातल्या २०१६ ते २०१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातल्या जवळपास ३२ टक्के मुलामुलींत जस्ताची कमतरता आढळली. त्याचं एकमेव कारण माती नाही. डाळ, दूध, अंडी, मांस किती मिळतं यावरही ते ठरतं. पण मातीतून ताटाकडे जाणारी वाट खरी आहे. तुर्कस्तानात मध्य अनातोलियाच्या चुनखडीच्या रानात १९९० च्या दशकात गव्हाला जस्त दिल्यावर उत्पादन वाढलं आणि दाण्यातलं जस्तही. फिनलंडमध्ये तर १९८४ पासून खतातच सेलेनियम मिसळायला सुरुवात झाली आणि काही वर्षांत लोकांच्या रक्तातलं सेलेनियम वाढलं. खत योग्य असेल तर ते औषधाचंही काम करतं, हे सांगायला मला ही उदाहरणं आवडतात, कारण आपल्याकडे खताचं नाव निघालं की फक्त कॅन्सरची चर्चा होते.

करायचं काय? जस्त कमी असलेल्या रानात हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट. ते युरियात किंवा डीएपीत न मिसळता दहापट शेणखतात पाच-सात दिवस मुरवून द्या. चुनखडीच्या जमिनीत मातीतून दिलेलं लोह लवकर अडकतं, त्यामुळे फेरस सल्फेटची अर्धा टक्क्याची फवारणी जास्त उपयोगी. गव्हाला दाणा दुधात असताना १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी घेऊन फवारा. त्याने पोत्यांची संख्या फारशी वाढणार नाही, दाण्यातलं जस्त वाढेल. घरच्या खाण्यापुरत्या गव्हाला एवढं जरूर करा.

दुसरा उपाय त्याहून सोपा. कालवा आला, ऊस आला आणि बाजरी रानातून गेली. पाठोपाठ ती ताटातूनही गेली. इक्रिसॅट आणि राहुरीच्या विद्यापीठाने मिळून लोहाचं प्रमाण जास्त असलेला बाजरीचा वाण काढला. तो २०१२ मध्ये महाराष्ट्रात आला आणि २०१४ मध्ये ‘धनशक्ती’ नावाने देशभर गेला. महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागातल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना लोहयुक्त बाजरीची भाकरी सहा महिने खाऊ घालून पाहिली, तेव्हा त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा साध्या बाजरीच्या तुलनेत सुधारला. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. धनशक्ती संकरित वाण नाही, त्यामुळे बियाणं घरचं राखता येतं, फक्त ते प्लॉटच्या मधल्या कणसांचं घ्या. मध्यम जमिनीत बाजरीला हेक्टरी ६० किलो नत्र पुरतं. ऊस निघाल्यावर अर्धा एकर तिला दिला तर घरचं धान्य झालं आणि रानालाही उसंत मिळाली.

आता दोन टोकांच्या माणसांशी दोन शब्द. ‘रासायनिक म्हणजे विष’ म्हणणाऱ्यांनी खत आणि कीटकनाशक यांची गल्लत करू नये. युरियातलं नत्र आणि शेणखतातलं नत्र शेवटी बहुतांशी नायट्रेट होऊनच मुळांत शिरतं. पालेभाजीत नायट्रेट असतं म्हणून मेथी-पालक सोडून देणं शहाणपणाचं नाही, भाजीचा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली, भाताचं उत्पादन कोसळलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती मागे घ्यावी लागली. शेणखताच्या एका टनात सुमारे पाच किलो नत्र, म्हणजे कांद्याच्या एका एकराला आठ टन लागेल. एवढी जनावरं आता कोणाच्या गोठ्यात आहेत?

आणि ‘शेणखत आता कुठे मिळतं’ म्हणून नुसत्या गोण्यांवर शेती करणाऱ्यांनी उसाचं पाचट पेटवणं आधी थांबवावं. हेक्टरभर उसातून आठ ते दहा टन पाचट मिळतं. त्यात ४० ते ५० किलो नत्र आणि ७५ ते १०० किलो पालाश असतं. काडी लावली की नत्र धुरात जातं. सरीत पाचट दाबून टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाका. इथे युरिया जरूर वापरा, पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंना तो लागतो. कारखान्याची मळी मिळत असेल तर कुजवूनच टाका, ताजी नको.

राहिली गोणी. रिकामी गोणी धुऊन तिच्यात बाजरी-गहू भरायची सवय सोडा, विणीत बसलेली खताची भुकटी पूर्ण निघत नाही. जस्त-बोरॉन मिसळताना हातमोजे घाला, युरिया फेकल्यावर हात धुतल्याशिवाय बिडी-तंबाखूला हात नको. चौकटीला दार न लावणाऱ्या या गावात चोराची चिंता नसेल, पण शेळी आणि कालवड आत येतेच. म्हणून खत फळीवर किंवा उंच ओट्यावर ठेवा, आणि युरियाचं द्रावण केलेलं टिपाड उघडं सोडू नका. जनावराने युरिया चाटला किंवा ते पाणी प्यायलं तर अर्ध्या-एक तासातच पोट फुगतं, तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं. पशुवैद्यकीय डॉक्टरांना फोन करताना लक्षणांच्या आधी युरिया खाल्ल्याची शंका सांगा, म्हणजे ते त्यावरची औषधं सोबत घेऊन निघतील.